आर्मी एव्हिएशन कोअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैन्याचं हेलिकॉप्टर दिसलं की आपण सरसकट "एअरफोर्स" म्हणून मोकळे होतो. पण भारतीय लष्कराची स्वतःची उडणारी शाखा आहे, आर्मी एव्हिएशन कोअर. तिचे पायलट लष्करी अधिकारीच असतात आणि त्यांच्या प्रशिक्षणाचं केंद्र आपल्या नाशिकमध्ये आहे. या शाखेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची ही उत्तरं. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

हवाई दल असताना लष्कराला स्वतःची हेलिकॉप्टरं कशाला?

प्रश्न रास्त आहे. दोन्ही दलांमध्येही त्यावर कित्येक दशकं वाद झाला आहे.

डोंगरातल्या एखाद्या ब्रिगेडचा कमांडर घ्या. समोरच्या धारेपलीकडे काय चाललंय, हे त्याला आत्ता बघायचं असतं. त्याच्या चौकीवर रात्रीत आजारी पडलेला जवान सकाळी पहिल्या उजेडात खाली आला पाहिजे. ही कामं छोटी असतात, रोजची असतात आणि त्यांना वेळ नसतो. हवाई दलाला मात्र पूर्ण आघाडीचा, किंबहुना पूर्ण देशाच्या आकाशाचा विचार करावा लागतो. तिथे या मागण्या रांगेत मागे पडल्या, तर दोष कुणाचाच नसतो. पण जवान मात्र वरच राहतो.

म्हणून हलकी हेलिकॉप्टरं लष्कराकडे आणि एमआय-१७ किंवा चिनूकसारखी मध्यम-अवजड हवाई दलाकडे, अशी ढोबळ विभागणी आहे. लष्कराचा पायलट ज्यांच्यासाठी उडतो, त्यांच्यातलाच असतो. चौकी कुठे आहे, वारा कुठून वळतो, हेलिपॅडच्या कोणत्या कडेला बर्फ पोकळ आहे, हे त्याला नकाशाबाहेरचंही ठाऊक असतं. मला विचाराल तर कोअरचं खरं भांडवल हेच आहे. यंत्रं त्यानंतर येतात.

कोअरची स्थापना कधी झाली?

१ नोव्हेंबर १९८६. हाच दिवस दरवर्षी कोअर दिन म्हणून पाळतात. बोधवाक्य 'सुवेग व सुदृढ'. १० ऑक्टोबर २०१९ रोजी नाशिक रोडच्या गांधीनगर विमानतळावर तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी कोअरला 'प्रेसिडेंट्स कलर्स' म्हणजे राष्ट्रपतींचं निशाण प्रदान केलं.

म्हणजे १९८६ च्या आधी लष्कर उडतच नव्हतं?

उडत होतं, आणि चांगलं चाळीस वर्षं उडत होतं. त्या काळाला 'एअर ओपी' म्हणतात. एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे तोफखान्याचा आकाशातला डोळा.

तोफ डागणाऱ्याला आपला गोळा कुठे पडला, हे सहसा दिसत नाही. मध्ये टेकडी असते, झाडी असते, अंतर असतं. कुणीतरी पुढे जाऊन बघावं लागतं आणि वायरलेसवर सांगावं लागतं : दोनशे डावीकडे, चारशे पुढे. हा माणूस उंच जागी असेल तितकं बरं. मग त्याला विमानातच का बसवू नये, या विचारातून दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी एअर ओपी स्क्वाड्रन उभ्या केल्या. पायलट तोफखान्याचा अधिकारी, तर स्क्वाड्रन रॉयल एअर फोर्सची, असा तो संमिश्र संसार होता. ब्रह्मदेशच्या मोहिमेत ६५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने हेच काम केलं.

तोफा कळणाऱ्या माणसाला उडायला शिकवायचं की वैमानिकाला तोफा शिकवायच्या? निवड पहिल्या पर्यायाची झाली आणि त्या निवडीची छाप आजही कोअरवर आहे. आधी सैनिक, मग वैमानिक.

विमान होतं ऑस्टर. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून कापड आणि लढाऊ विमानाच्या तुलनेत बैलगाडीचा वेग. पण शेतातल्या धावपट्टीवर उतरायचं, तिथूनच उठायचं आणि आपल्या फळीच्या वर घिरट्या घालायच्या, तर हळू जाणंच सोयीचं. भारताची पहिली एअर ओपी फ्लाइट, म्हणजे काही विमानांची छोटी तुकडी, ऑगस्ट १९४७ मध्ये उभी राहिली आणि लगेच काश्मीरच्या युद्धाला सामोरी गेली. पुढे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचं, म्हणजे एचएएलचं 'कृषक' हे विमान आलं. नाव शेतकऱ्याचं, काम तोफांचा नेम साधून देण्याचं. १९६५ आणि १९७१ ची युद्धं या छोट्या विमानांनी पाहिली. सत्तरच्या दशकात त्यांची जागा चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांनी घेतली.

मग तोफखान्यापासून वेगळं का व्हावं लागलं?

कामं वाढली म्हणून. हेलिकॉप्टर हाती आल्यावर गोळे कुठे पडतात ते बघणं हा त्याचा एक उपयोग उरला. जखमींना उचलणं, कमांडरला पुढे नेणं, टेहळणी, चौक्यांना रसद, दूरसंचाराच्या तारा टाकणं अशी कामं पायदळ, रणगाडा दल, इंजिनियर्स सगळ्यांना हवी होती. एका शाखेच्या कुशीत सगळ्यांची शाखा मावत नाही.

नव्या कोअरला स्थिरस्थावर व्हायला उसंतही मिळाली नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली आणि तिच्यासोबत लष्कराची चीता-चेतकही गेली. जंगलात तुकड्या पसरलेल्या, रस्त्यांवर भूसुरुंग. तिथे हेलिकॉप्टर जमिनीवरच्या सैनिकाच्या किती जवळ असावं लागतं, याचा धडा प्रत्यक्ष गोळीबाराखालीच मिळाला.

रचना कशी असते?

सर्वांत वर दिल्लीत महासंचालक, दर्जा लेफ्टनंट जनरलचा. खाली स्क्वाड्रन आणि त्यांच्या फ्लाइट्स. 'आर अँड ओ' म्हणजे टेहळणी व निरीक्षणाच्या तुकड्या चीता-चेतक उडवतात, युटिलिटी म्हणजे माणसं-सामान नेणाऱ्या तुकड्या एचएएलचं ध्रुव, आणि मारा करणाऱ्या तुकड्या वेगळ्या. अलीकडे लेह, आसामातलं मिसामारी आणि जोधपूर इथे एव्हिएशन ब्रिगेड आहेत. तीन नावं नकाशावर पाहिली की काळजी कुठली आहे ते समजतं.

सियाचीनमध्ये ही मंडळी नेमकं काय करतात?

थोडक्यात सांगायचं तर, तिथे माणूस टिकतो तो हेलिकॉप्टरच्या जिवावर.

आधी श्रेय जिथे आहे तिथे देऊ. १३ एप्रिल १९८४ ला सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाली, तेव्हा बिलाफोंड ला खिंडीजवळ पहिले जवान उतरवले ते हवाई दलाच्या चीता हेलिकॉप्टरांनी. हवाई दलाचं ११४ हेलिकॉप्टर युनिट 'सियाचीन पायोनियर्स' म्हणून ओळखलं जातं, ते उगाच नाही. लष्कराची ६६६ एव्हिएशन स्क्वाड्रन 'सियाचीन फाल्कन्स' या नावाने तिथे उडते. दोन्ही दलांमध्ये या हिमनदीवरून जी गोड चढाओढ आहे, तिच्यात बाहेरच्याने पडू नये.

काम असं. बेस कॅम्पपर्यंत रस्ता येतो. मोठी विमानं आणि एमआय-१७ काही सामान वरून टाकतात, पण ते पडेल तिथून ओढून आणावं लागतं, काही वेळा ते बर्फाच्या भेगेत जातं. सगळ्यात वरच्या चौक्यांवर हलक्या हेलिकॉप्टरला पर्याय नाही. तिथे हेलिपॅड म्हणजे बर्फ तुडवून सपाट केलेला तुकडा. ओळखू यावा म्हणून त्यावर रंगीत खुणा.

सहा हजार मीटरच्या आसपासच्या चौक्यांवर चीता एका फेरीत जेमतेम वीस-पंचवीस किलो वजन नेऊ शकतं. म्हणजे रॉकेलचा एक जेरीकॅन. तो उतरवायचा, परत खाली यायचं, दुसरा घ्यायचा, पुन्हा वर. या रॉकेलवर बर्फ वितळून पाणी होतं, अन्न शिजतं, तंबू गरम राहतो. पायलट वर थांबत नाही. रोटर फिरतच असतो, जवान वाकून धावत येतो, सामान ओढून घेतो, पत्रांची पिशवी आत टाकतो, अंगठा दाखवतो आणि हेलिकॉप्टर निघतं. इंजिन बंद करायचं नाही, कारण त्या थंडीत आणि विरळ हवेत ते पुन्हा सुरू झालंच नाही तर हेलिकॉप्टर तिथेच अडकलं.

इतक्या उंचीवर हेलिकॉप्टर उडतं तरी कसं?

नाइलाजाने उडतं, असं म्हटलं तरी चालेल.

रोटरची पाती हवा खाली ढकलतात, म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ५४ टक्के. ढकलायला हवाच निम्मी. इंजिनलाही श्वास कमी, त्यामुळे ताकद घटते. दोन्ही बाजूंनी मार. मग हातात एकच उपाय उरतो, वजन कमी करा. इंधन जायला-यायला पुरेल इतकंच, वर थोडं राखीव. नको ती प्रत्येक वस्तू खाली ठेवा. उतरण्याआधी पायलट ताकद तपासतो : इथे तरंगायला किती लागतेय आणि हातात किती उरलीय. उरत नसेल तर न उतरता परत. उड्डाणं शक्यतो सकाळी उरकतात. थंड हवा दाट असते आणि वाराही दुपारी उठतो.

चीता हे यंत्र याच कामासाठी जन्मलं, हे फार जणांना माहीत नसतं. १९६८ च्या सुमारास भारताने फ्रेंच कंपनीकडे हिमालयात चालेल असं हेलिकॉप्टर मागितलं. त्यातून 'लामा' तयार झालं : अल्वेट-२ चा हलका सांगाडा आणि अल्वेट-३ चं दणकट इंजिन. मार्च १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि त्याच वर्षी हिमालयातल्या प्रात्यक्षिकात ७,५०० मीटर उंचीवर उतरून पुन्हा उठलं. १९७२ मध्ये ज्याँ बुले या वैमानिकाने लामा १२,४४२ मीटरपर्यंत नेलं. वर पोचल्यावर इंजिन विझलं. बुलेने नुसत्या फिरत्या रोटरच्या आधारावर ते सुखरूप खाली आणलं. हेच लामा एचएएलने परवान्याखाली बनवायला घेतलं आणि ते आपलं चीता झालं.

जखमींना उचलून आणणं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

लष्करी बोलीत याला 'कॅसेवॅक' म्हणतात. गोळी लागलेले कमी, आजारी जास्त. अतिउंचीवर फुफ्फुसात पाणी साचण्याचा आजार होतो. संध्याकाळी साधा खोकला म्हणून सुरू होतो आणि पहाटेपर्यंत माणूस गुदमरायला लागतो. यावर पहिला इलाज एकच, खाली उतरवणं. हेलिकॉप्टर येईपर्यंत रुग्णाला हवा भरून दाब वाढवलेल्या पिशवीत ठेवतात. आतला दाब वाढला की शरीराला आपण काही हजार फूट खाली आहोत असं वाटतं. पिशवीत हवा भरत राहायचं काम साथीदार आळीपाळीने करतात, कधी रात्रभर.

सकाळी ढग फाटले की चीता येतं. पुढे दोन पायलट, मागची सीट रुग्णासाठी. चीतामध्ये धड आडवं झोपवण्याइतकी जागा नसते, म्हणून बहुतेकांना बसवून पट्टे आवळतात. वजनाचा हिशेब इथेही सुटत नाही. माणूस घ्यायचा तर तेवढं इंधन कमी भरून आलेलं असावं लागतं. दोन रुग्ण असतील तर दोन फेऱ्या. कोणाला आधी, हे वरच्या चौकीवर ठरतं.

अशा कामाचे आकडे सांगण्यात मला फार रस नाही. उत्तरेकडे नोकरी केलेला कुणी निवृत्त जवान भेटला, तर त्याला विचारून बघा. हेलिकॉप्टरचा आवाज लांबून ऐकू आला की काय वाटायचं, ते त्याच्याकडूनच ऐकावं.

कारगिलमध्ये या कोअरचा वाटा काय होता?

१९९९ च्या उन्हाळ्यात लष्कराच्या चीतांनी टेहळणी केली, पुढच्या हेलिपॅडवर दारूगोळा पोचवला आणि जखमींना खाली आणलं. २८ मे रोजी तोलोलिंगच्या परिसरात हवाई दलाचं एमआय-१७ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पडलं आणि आतले चौघेही गेले. डोंगरातल्या लढाईत हेलिकॉप्टर किती उघडं असतं, हे त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं. तरी कॅसेवॅक थांबल्या नाहीत. हलकी, चिलखत नसलेली हेलिकॉप्टरं दरीच्या पोटातून, धारेच्या आडोशाने जात राहिली.

लष्कराकडे मारा करणारी हेलिकॉप्टरं आहेत का?

आहेत, पण उशिरा आली. सुरुवात 'लान्सर'पासून : चीतालाच दोन्ही बाजूंना १२.७ मिमी मशीनगन आणि रॉकेटं जोडलेली जुगाडू आवृत्ती. मग ध्रुवचं सशस्त्र रूप 'रुद्र'. नाकाखाली २० मिमीची तोफ, ती पायलटच्या हेल्मेटबरोबर वळते. जोडीला ७० मिमी रॉकेटं आणि हवेतून हवेत मारा करणारी मिस्ट्रल क्षेपणास्त्रं. २०१३ पासून रुद्र लष्करात येऊ लागलं.

'प्रचंड' म्हणजे एचएएलचं लाइट कॉम्बॅट हेलिकॉप्टर. कारगिलच्या उंचीवर मारा करू शकेल असं काहीच आपल्याकडे नव्हतं, ही बोच या प्रकल्पामागे आहे. दोन 'शक्ती' इंजिनं, मागे-पुढे बसणारे दोन पायलट, वजन सुमारे ५.८ टन. लष्कराची ३५१ एव्हिएशन स्क्वाड्रन २०२२ मध्ये प्रचंड घेऊन उभी राहिली आणि मिसामारीला गेली. मार्च २०२५ मध्ये आणखी १५६ प्रचंडचा सुमारे ६२,७०० कोटी रुपयांचा करार झाला. त्यातली ९० लष्कराची, ६६ हवाई दलाची.

आणि अमेरिकन अपाची. फेब्रुवारी २०२० मध्ये लष्करासाठी सहा अपाचींचा करार झाला. त्यांच्यासाठी मार्च २०२४ मध्ये जोधपूरला ४५१ एव्हिएशन स्क्वाड्रन उभी केली. माणसं तयार, हँगर तयार, हेलिकॉप्टरांचा पत्ता नाही, असं सव्वा वर्ष गेलं. पहिली तीन जुलै २०२५ मध्ये दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उतरली.

अपाची हवाई दलाकडेही आहेत. मग भांडण कशाचं होतं?

मालकीचं. वर्षानुवर्षं एमआय-२५ आणि एमआय-३५ ही मारा करणारी हेलिकॉप्टरं हवाई दलाची असायची, पायलट हवाई दलाचे, पण युद्धात वापर लष्कराच्या हुकमाखाली. कागदावर व्यवस्था ठीक होती. लष्कराचं म्हणणं असं की, रणगाड्यांबरोबर लढायचं तर सराव, भाषा, सवयी सगळं एकत्र घडलं पाहिजे. हवाई दलाचं म्हणणं असं की, महाग यंत्रं छोट्या मुठींत वाटली तर देखभाल दुप्पट आणि परिणाम निम्मा. २०१२ मध्ये सरकारने तोडगा काढला : पुढे घेतली जाणारी अशी हेलिकॉप्टरं लष्कराला, पण तेव्हा खरेदीच्या वाटेवर असलेली २२ अपाची हवाई दलालाच.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण कौल द्यायचाच तर मी लष्कराच्या बाजूने देईन. कारण तेच, जे एअर ओपीच्या वेळी होतं. जमिनीवरच्या लढाईची नस ओळखणारा माणूस वर असावा. मात्र सहा अपाची म्हणजे चिमूटभर. दोन-तीन कायम दुरुस्तीत आणि प्रशिक्षणात धरली, तर लढायला उरतात किती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

चीता आणि चेतक इतकी जुनी असूनही अजून का वापरतात?

यावर चिडायला हरकत नाही. चेतकची रचना पन्नासच्या दशकाच्या अखेरीची, चीताची साठच्या. दोन्हींना प्रत्येकी एकेकच इंजिन. नातवाने आजोबांच्या वेळचं हेलिकॉप्टर उडवावं, अशी वेळ काही घराण्यांत आलेली असू शकते.

बदली आणायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९७ हेलिकॉप्टरांची निविदा चाचण्यांपर्यंत जाऊन डिसेंबर २००७ मध्ये रद्द झाली. दुसऱ्यांदा काढली, ती ऑगस्ट २०१४ मध्ये रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाशी कामोव्ह-२२६टी इथेच बनवण्याचं ठरलं, तेही पुढे सरकलं नाही. एचएएलचं लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच्या लष्करी आवृत्तीला प्राथमिक मंजुरी मिळाली, २०२३ मध्ये तुमकुरूच्या कारखान्याचं उद्घाटनही झालं. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालय पुन्हा कंपन्यांकडे विचारणा करतच होतं, २०० हलक्या हेलिकॉप्टरांसाठी. त्यातली १२० लष्कराची.

या दिरंगाईची किंमत माणसांनी मोजली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ चीता पडलं. मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातच मंडालाजवळ आणखी एक पडलं, दोन अधिकारी गेले. प्रत्येक अपघाताचं कारण यंत्राचं वय हेच असतं असं नाही. हवामान आणि भूप्रदेश तिथे निर्दयी आहेत. पण आधुनिक कॉकपिट, हवामान रडार, दुसरं इंजिन यांतलं काहीच नसताना चुकीला जागा फार थोडी उरते. एक मात्र खरं की त्या उंचीवर चीताइतकं हलकं आणि आज्ञाधारक दुसरं काही अजून मोठ्या संख्येने मिळालेलं नाही. म्हणून पायलट त्याला शिव्याही देतात आणि त्याच्यावर जीवही टाकतात.

ध्रुव मध्यंतरी बंद होती, ती का?

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघांचा मृत्यू झाला. तपासात स्वॉशप्लेट तुटल्याचं आढळलं. पायलटच्या हातातल्या दांड्याची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारा हा भाग. तो गेला की हेलिकॉप्टर कुणाचंच ऐकत नाही. सगळ्या दलांची ध्रुव जमिनीवर ठेवली गेली. त्या काही महिन्यांत लष्कराच्या रसदीची ओढाताण झाली, कारण चीता-चेतकनंतरचा सगळा भार ध्रुववरच आहे. मे २०२५ च्या सुमारास लष्कर आणि हवाई दलाच्या ध्रुवना पुन्हा उडायची परवानगी मिळाली.

नाशिकचा संबंध काय?

देवळालीला तोफखान्याची शाळा, त्यामुळे तोफांचा आणि एअर ओपीचा शेजार जुनाच. २००३ पासून नाशिक रोडच्या गांधीनगरला कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. वर्तमानपत्रांत आणि नाशिककरांच्या तोंडी ते 'कॅट्स'. उपनगर-गांधीनगर भागात राहणाऱ्यांना डोक्यावरून जाणारं चेतक हा बातमीचा विषय वाटत नाही.

इथे पायलट घडतात आणि त्यांना शिकवणारे प्रशिक्षकही. नुसतं उडणं शिकवून भागत नाही. झाडांच्या शेंड्यांना लागून जाणं, टेकडीआडून क्षणभर डोकं वर काढून पुन्हा लपणं, तोफांना दिशा देणं, रात्रीच्या चष्म्यांनी उतरणं, हे सगळं इथलं पाठ्य. दीक्षान्त समारंभात छातीवर 'विंग्ज' म्हणजे वैमानिकाचा बिल्ला लागतो.

बारावीनंतर थेट लष्करी पायलट होता येतं का?

थेट नाही. वाट लष्करी अधिकारी होण्याची : बारावीनंतर एनडीए किंवा पदवीनंतर इतर प्रवेश. अधिकारी झाल्यावर एव्हिएशनसाठी निवड होते. वैमानिकाची क्षमता चाचणी आणि कडक वैद्यकीय तपासणी असते. क्षमता चाचणीत नापास झालात तर दुसरी संधी नसते, हे आधीच माहीत असावं. त्यानंतर नाशिकला पूर्वप्रशिक्षण आणि मग मूळ अभ्यासक्रम. पायदळात, तोफखान्यात काढलेली सुरुवातीची वर्षं वाया जातात असं तरुणांना वाटतं. कोअरच्या दृष्टीने तीच शिदोरी.

महिला पायलट आहेत का?

आहेत. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकमध्ये विंग्ज मिळवून कोअरच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या. त्या मूळच्या आर्मी एअर डिफेन्सच्या. त्याआधी या शाखेत महिला अधिकाऱ्यांना हवाई वाहतूक नियंत्रण आणि जमिनीवरच्याच जबाबदाऱ्या मिळत.

पायलट सोडून बाकीचे कोण?

ज्यांची नावं कुठे येत नाहीत ते. लष्करी हेलिकॉप्टरांची देखभाल ईएमई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनियर्सकडे असते. उणे तापमानात हातमोजे काढल्याशिवाय नट पकडता येत नाही आणि काढले तर बोटं धातूला चिकटतात, अशा जागी हे तंत्रज्ञ पहाटेच्या उड्डाणासाठी मध्यरात्री उठून तयारी करतात. उड्डाण होणार की नाही, यावर त्यांचीही सही असते.

पूर, भूकंप यांत ही हेलिकॉप्टरं येतात का?

येतात. २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात लष्कराच्या 'ऑपरेशन सूर्या होप'मध्ये ती होती. अरुंद दरीत, नदीकाठच्या दगडावर एक स्किड (चाकांऐवजी खाली असलेली दांडी) टेकवून माणसं उचलायला हलकं हेलिकॉप्टरच कामी येतं.

ड्रोन आल्यावर हेलिकॉप्टरची गरज संपेल का?

टेहळणीपुरती बरीच कमी होईल, आणि ते चांगलंच आहे. हेरॉनसारखी मानवरहित विमानं आधी तोफखान्याकडे होती, ती आता एव्हिएशनकडे आली आहेत. म्हणजे ज्या कामासाठी ऑस्टर उडायचं, ते काम पुन्हा याच घरात, पण आत माणूस नसताना. युक्रेनच्या युद्धात खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी हेलिकॉप्टरांची काय दशा केली, ते सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या काळात ड्रोन पुढे आणि मारा करणारं हेलिकॉप्टर मागून, अशी जोडी दिसेल. रसद नेणारे ड्रोनही येत आहेत. गुदमरणाऱ्या जवानाला सहा हजार मीटरवरून खाली आणण्याचं काम मात्र अजून तरी दोन पायलटच करतात.

आकाशात बघून कोणतं कोणतं हे कसं ओळखायचं?

शेपटीकडे बघा. शेपटी उघड्या जाळीच्या सांगाड्याची आणि पुढे काचेचा फुगा असेल तर चीता. शेपटी पत्र्याने झाकलेली आणि खाली तीन चाकं असतील तर चेतक. पोट भरलेलं, चार पाती, खाली स्किड म्हणजे ध्रुव. तशाच अंगाला नाकाखाली तोफ दिसली तर रुद्र. अंग इतकं अरुंद की दोघे एकामागे एक बसलेत असं दिसतं आणि बगलेला छोटे पंख, तर प्रचंड. अपाचीही तसंच अरुंद, पण दोन्ही इंजिनं बाहेर काढून बगलेला टांगल्यासारखी, आणि काहींच्या रोटरवर रडारचा गोल डबा असतो. पश्चिम महाराष्ट्रात दिसलं तर ते बहुधा नाशिकहून निघालेलं चेतक किंवा चीता असेल.